बॉक्स आपला, ताबा त्यांचा

३१ मार्च २०१३ ही पुण्यातल्या ॲनालॉग केबलची शेवटची कायदेशीर तारीख होती. केंद्र सरकारने आखलेल्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात दहा लाखांहून अधिक वस्तीची ३८ शहरे होती आणि त्यांत पुण्याबरोबर पिंपरी-चिंचवड, नागपूर, नाशिक, सोलापूर, औरंगाबाद यांचाही समावेश होता. महात्मा फुले मंडईभोवतीच्या शुक्रवार, बुधवार पेठांत एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर ओढलेली काळी केबल तशीच राहिली, पण तिच्यातून येणारे चित्र सेट टॉप बॉक्सशिवाय दिसेनासे झाले. त्या वेळी प्रेक्षकाला चार गोष्टी सांगण्यात आल्या होत्या. चित्र स्वच्छ दिसेल, वाहिन्या वाढतील, व्यवहार पारदर्शक होईल आणि हव्या त्याच वाहिन्यांचे पैसे द्यावे लागतील. त्यातल्या पहिल्या दोन मिळाल्या. तिसरी मिळाली ती ज्यांना ग्राहक मोजायचे होते त्यांना. चौथी कागदावर आली आणि कागदावरच राहिली. विकसनशील देशांतल्या डिजिटल स्थित्यंतराची चर्चा सहसा तंत्र, लहरी आणि मुदती यांभोवती फिरते. पुण्याचा अनुभव सांगतो की खरी अडचण तिथे नव्हती. बॉक्सचे पैसे कोणी भरायचे, बॉक्सवर ताबा कोणाचा आणि दरमहा पैसे भरू न शकणाऱ्या घरात काय दिसणार, हे तीन प्रश्न सरकारने बाजारावर सोपवले आणि बाजाराने त्यांची उत्तरे आपल्या सोयीने दिली.

जुनी व्यवस्था काही सोन्यासारखी नव्हती, हे आधी मान्य करायला हवे. ॲनालॉग केबलवर जेमतेम शंभरेक वाहिन्या मावत, त्यातल्याही शेवटच्या काही मुंग्या आल्यासारख्या दिसत. गल्लीतल्या केबलवाल्याकडे नक्की किती घरे आहेत हे त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नसे. तो वरच्या कंपनीला थोडी घरे दाखवी, ती कंपनी वाहिन्यांना त्याहून थोडी दाखवी आणि करमणूक कर वसूल करणाऱ्या जिल्हाधिकारी कार्यालयालाही तोच आकडा जाई. वाहिन्यांना वर्गणीतून रास्त वाटा मिळत नसे, म्हणून त्या जाहिरातींवर जगत, आणि केबलवर जागा मिळावी म्हणून उलट केबल कंपन्यांनाच पैसे देत. हा गोंधळ मिटवण्याचा एक प्रयत्न आधीही झाला होता. ‘कॅस’ नावाची, विकतच्या वाहिन्या बॉक्समधूनच दाखवण्याची व्यवस्था २००३मध्ये चेन्नईत आली आणि २००६च्या अखेरीस मुंबई, दिल्ली, कोलकात्याच्या काही भागांत. त्या वेळी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, पैसे भरून पाहायच्या वाहिनीचा दर पाच रुपये आणि फुकट वाहिन्यांच्या मूळ संचाचा दर ७७ रुपये ठरवून दिला होता. हे आकडे लक्षात ठेवावेत, पुढे उपयोगी पडतील. २०११मध्ये केबल कायद्यात दुरुस्ती झाली आणि डिजिटल केबल साऱ्या देशाला सक्तीची झाली.

त्या दुरुस्तीचा गाभा चित्राच्या दर्जात नव्हता, मोजणीत होता. प्रत्येक बॉक्सला क्रमांक असतो आणि तो क्रमांक कोणत्या घरात आहे, तिथे काय दाखवायचे आणि काय बंद करायचे हे दूरवरच्या संगणकावरून ठरवता येते. मोजणी यशस्वी झाली यात शंका नाही. वाहिन्यांना घरांची संख्या कळली. राज्यालाही फायदा झाला. महाराष्ट्रात महापालिका हद्दीत दर जोडणीमागे महिन्याला ४५ रुपये करमणूक कर होता आणि लपलेली घरे उघड होताच त्याचा पाया रुंदावला. २०१७मध्ये जीएसटी आल्यावर त्याची जागा १८ टक्क्यांनी घेतली. मग या मोजणीच्या यंत्राचे पैसे कोणी दिले? ज्याची मोजणी झाली त्याने. बॉक्स साधारण हजार रुपयांच्या आगेमागे पडत होता. तो भाड्याने किंवा हप्त्याने देण्याची योजना नियमांत होती, पण बहुतेकांनी एकरकमीच पैसे मोजले. केंद्राची मदत या बाबतीत एकाच स्वरूपात आली, तीही उलटी. पुण्याची मुदत एका महिन्यावर आलेली असताना, २८ फेब्रुवारी २०१३च्या अर्थसंकल्पात सेट टॉप बॉक्सवरील आयात शुल्क पाच टक्क्यांवरून दहा टक्के करण्यात आले. देशी उत्पादनाला उत्तेजन देण्याचा हेतू वाईट नव्हता. पण बॉक्स मोठ्या प्रमाणावर बाहेरून येत असताना कायद्याने सक्ती करायची आणि मुदतीच्या तोंडावर सक्तीच्या वस्तूवर कर वाढवायचा, ही सांगड सरकारलाच सुचू शकते.

इतर देशांनी हा खर्च कसा पेलला, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेने २००९मध्ये ॲनालॉग प्रक्षेपण बंद करताना मागेल त्या घराला ४० डॉलरची दोन कूपने दिली आणि कूपनांचा निधी अपुरा पडतो आहे असे दिसताच तारीख फेब्रुवारीवरून जूनवर ढकलली. तो श्रीमंत देश, म्हणून सोडून देऊ. मेक्सिकोने २०१५ अखेरच्या मुदतीपूर्वी गरीब कुटुंबांना सुमारे एक कोटी डिजिटल दूरचित्रवाणी संच वाटले. ब्राझीलने अधिक हुशारी केली. ॲनालॉग प्रक्षेपण बंद झाल्याने मोकळ्या होणाऱ्या लहरी २०१४मध्ये मोबाइल कंपन्यांना लिलावात विकताना, सरकारी साहाय्य घेणाऱ्या कुटुंबांना बॉक्स आणि अँटेना देण्याचा खर्च त्याच कंपन्यांच्या गळ्यात घातला. ज्याला जमीन मिळाली त्यानेच विस्थापिताचे घर बांधायचे, असा हा न्याय. उलट केनियात फेब्रुवारी २०१५मध्ये ॲनालॉग बंद झाले तेव्हा देशातल्या मोठ्या खासगी वाहिन्या निषेधार्थ जवळपास तीन आठवडे काळ्या पडल्या. दक्षिण आफ्रिकेत तर जून २०२२मध्ये घटनात्मक न्यायालयाने मंत्र्यांनी जाहीर केलेली तारीखच रद्द केली, कारण गरीब घरांना बॉक्ससाठी नोंदणी करायला पुरेशी सूचना आणि वेळ दिला नव्हता. तिथल्या न्यायालयाने ज्या गोष्टीला हक्क मानले, तिच्याकडे आपल्याकडे ग्राहकाची खासगी अडचण म्हणून पाहिले गेले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. त्या देशांत हवेतून फुकट येणारे प्रक्षेपण बंद होत होते, आपल्याकडे पैसे देऊन घेतलेली खासगी केबल. केबलच्या ग्राहकाला सरकारने अनुदान का द्यावे? अनुदान द्यायलाच हवे होते असे मी म्हणत नाही. पण ग्राहकाने केबल बदलायला मागितली नव्हती. संसदेने कायदा करून चालू सेवा बेकायदा ठरवली आणि नवी वस्तू विकत घेण्यावाचून पर्याय ठेवला नाही. अशी सक्ती असते तेव्हा ज्यांना तिचा लाभ होणार त्या वाहिन्या आणि केबल कंपन्यांकडून किमान बॉक्सची किंमत वसूल करणे, हे नियामकाच्या हातात होते. दूरचित्रवाणी ही काही भाकरी नाही, हा आक्षेपाचा दुसरा भागही ऐकू येतो. मग करमणुकीवर कर घेताना आणि निवडणुकीत घराघरांत पोहोचताना हीच दूरचित्रवाणी एवढी महत्त्वाची का ठरते, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनी द्यावे.

हव्या त्याच वाहिन्यांचे पैसे, हे आश्वासन नियमांत यायला २०१९ उजाडले. १ फेब्रुवारीपासून नवी दरव्यवस्था लागू झाली. मंडईत गेलेले गिऱ्हाईक पावशेर वांगी घेते, समोरच्या गाळ्यावरून मिरची-कोथिंबीर घेते आणि चालू लागते. वांग्यांबरोबर दुधी आणि कारलेही घ्यावेच लागेल असे कोणी म्हटले तर तिथेच भांडण होईल. वाहिन्यांची खरेदी अशीच सुटी व्हावी, ही ट्रायची कल्पना होती आणि ती चांगलीच होती. बिघाड दोन ठिकाणी झाला. पहिला, बाजारात शिरण्याचेच तिकीट लावले गेले. जोडणीपोटी १३० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, एकही विकतची वाहिनी न घेता द्यायचे. कायद्याने दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणे केबलवाल्यावर बंधनकारक आहे, पण त्या फुकटच्या वाहिन्या पाहायलाही हे १५३ रुपये लागतच. दुसरा, संचात घालायच्या वाहिनीची सुटी किंमत १९ रुपयांपर्यंत ठेवायला मुभा दिली आणि अनेक मोठ्या वाहिन्यांनी नेमका १९ हाच आकडा धरला. २००६च्या पाच रुपयांना बारा वर्षांची महागाई लावली तरी १९ होत नाहीत. सुटी वाहिनी इतकी महाग की अख्खा संच घेतलेला बरा वाटावा, आणि संचात आपण कधीच न पाहणाऱ्या वाहिन्या भरलेल्या, असा तो हिशेब. क्रिसिल या मानांकन संस्थेने त्याच वेळी अंदाज वर्तवला होता की लोकप्रिय दहा वाहिन्या घेणाऱ्या घराचे बिल २३०-२४० रुपयांवरून ३०० रुपयांपर्यंत जाईल आणि पाचच घेणाऱ्याचे उतरेल. पाच वाहिन्यांत भागणारे घर म्हणजे एकट्या माणसाचे घर. ज्या घरात आजीला मालिका, नातवाला कार्टून, मुलाला क्रिकेट आणि सगळ्यांना मराठी बातम्या हव्यात, त्या घराने काय निवडावे?

ट्रायला ही चूक दिसली नाही असे नाही. जानेवारी २०२०मध्ये तिने जोडणीच्या त्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या द्यायला सांगितले आणि संचातल्या वाहिनीच्या किमतीची मर्यादा १२ रुपयांवर आणली. वाहिन्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने जून २०२१मध्ये ट्रायचा अधिकार बहुतांशी मान्य केला, तरीही ओढाताण संपली नाही आणि नोव्हेंबर २०२२मध्ये मर्यादा पुन्हा १९ रुपये झाली. २०२४मध्ये तर जोडणीशुल्कावरची कमाल मर्यादाच काढून टाकण्यात आली. पाच रुपयांपासून सुरू झालेला प्रवास अखेर ‘बाजार ठरवील तो दर’ इथे येऊन थांबला. बाजारात स्पर्धा असती तर त्यालाही हरकत नव्हती.

ती स्पर्धा होऊ नये याची व्यवस्था बॉक्समध्येच आहे. मोबाइल आपला, सिम कोणाचेही, ही सोय सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. नंबर तोच ठेवून कंपनीही बदलता येते. बॉक्सचे तसे नाही. एका कंपनीचा बॉक्स दुसरीच्या केबलवर चालत नाही, केबलचा बॉक्स डिशला चालत नाही, आणि एका डिशचा दुसऱ्या डिशला नाही. पैसे ग्राहकाने भरलेले असले तरी अनेकदा पावतीवर ते जोडणीचे म्हणून दाखवलेले असतात आणि बॉक्स कंपनीचाच राहतो. दर पटला नाही म्हणून कंपनी बदलायची तर आधीचा बॉक्स भंगारात आणि नव्याचे पैसे पुन्हा खिशातून. मंडईपासून चालत काही मिनिटांवर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहे. साऱ्या पुण्याची इलेक्ट्रॉनिक वस्तूंची ही बाजारपेठ. रिमोटपासून पॅनेलपर्यंत सुटा भाग मिळणार नाही असे सहसा होत नाही. तिथला कुशल कारागीर बॉक्सचा अडॅप्टर बदलून देऊ शकतो, रिमोट देऊ शकतो, पण बॉक्स दुसऱ्या कंपनीचा करून देऊ शकत नाही, कारण कुलूप यंत्रात नसून कंपनीच्या संगणकात आहे. एप्रिल २०२०मध्ये ट्रायने सर्व बॉक्स परस्परांना चालतील असे करण्याची शिफारस सरकारला केली. भारतीय मानक ब्युरोने २०२२मध्ये उपग्रह संदेश थेट पकडणारा ट्यूनर दूरचित्रवाणी संचातच असावा यासाठी मानकही प्रसिद्ध केले. शिफारस आणि मानक यांतले काहीही सक्तीचे नाही. सक्ती होती ती फक्त बॉक्स घेण्याची. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४मध्ये ज्या शहरात बिंदुमाधव जोशींनी सुरू केली, त्या शहरात तरी हा प्रश्न रस्त्यावर यायला हवा होता.

डिजिटल व्यवस्थेने आणखी एक गोष्ट पुसली, जिची नोंद कोणत्याही अहवालात नसते. जुना केबलवाला गल्लीतलाच असे. त्याचा पोऱ्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वसुलीला येई आणि एखाद्या घराला त्या महिन्यात जमले नाही तर पुढच्या महिन्यात दोन्ही घेई. त्यात अरेरावी होती, राजकीय वरदहस्तही होता; पण उधारी होती. रिचार्जच्या व्यवस्थेत तारीख उलटली की पडदा बंद. महिन्याला पगार येणाऱ्याला याचे काही वाटत नाही. पाटी उचलणारा हमाल, पथारीवाला, भाजीच्या वाट्यावर दिवस काढणारी बाई यांचे उत्पन्न दिवसाचे असते आणि त्यात बरे-वाईट दिवस असतात. अशा घराला महिन्याचे आगाऊ बिल हे रकमेमुळे जड जात नाही इतके वेळेमुळे जाते. मोबाइल कंपन्यांनी ही गोष्ट ओळखून दिवसाचे, आठवड्याचे छोटे रिचार्ज काढले. केबल आणि डिशच्या धंद्याने ते फारसे मनावर घेतले नाही.

राहिला तिसरा प्रश्न, दरमहा पैसे न भरणाऱ्या घराचा. पुण्यात दूरचित्रवाणी आली ती केबलने नव्हे. मुंबई केंद्र ऑक्टोबर १९७२मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे ते पुण्यात दिसू लागले. गच्चीवर ॲल्युमिनियमची अँटेना लावली, तिचे तोंड सिंहगडाकडे केले की झाले. संच एकदा घेतला की महिन्याचे बिल कोणतेही नाही. (सुरुवातीला परवाना शुल्क होते, ते नंतर गेले.) जमिनीवरच्या या ॲनालॉग प्रक्षेपकांचा प्रसार भारतीने देशभर निरोप घेतला, मोक्याच्या जागचे सुमारे ५० वगळता बाकी सगळे मार्च २०२२पर्यंत बंद करण्याचे तिने जाहीर केले होते. जुने तंत्र गेले याचे दुःख नको. पण त्याच्या जागी डिजिटल अँटेना सेवा येणे अपेक्षित होते. ती २०१६मध्ये सोळा शहरांत सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यात मुंबई आणि औरंगाबाद होते, पुणे नव्हते. शिवाय ती पकडणारा ट्यूनर संचात असावा असा नियम नसल्याने, जिथे ती आली तिथेही फार थोड्या घरांना तिचा पत्ता लागला. फेब्रुवारी १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट सांगितले होते. त्या मालमत्तेतून सामान्य घराला फुकट मिळणारा वाटा आता शहरी भागात जवळपास शून्यावर आला आहे.

‘फ्री डिश आहे की,’ असे यावर सांगितले जाते. डिसेंबर २००४मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची ही उपग्रह सेवा खरोखरच या सगळ्या कथेतली सर्वांत चांगली गोष्ट आहे. एकदा डिश-बॉक्स घेतला की महिन्याला काही नाही; चार कोटींहून अधिक घरांत ती असल्याचा अंदाज आहे आणि त्यासाठी कोणालाही सक्ती करावी लागली नाही. तरीही तिच्यावर सगळा भार टाकता येत नाही. पुण्यातून तिच्या उपग्रहासाठी आग्नेयेकडचे आकाश मोकळे लागते. पेठांतल्या वाड्यात आतल्या अंगाच्या खोलीत राहणाऱ्या भाडेकरूला गच्चीवर हक्क नसतो आणि डिश टांगायला जागाही नसते. मुसळधार पावसात संदेश क्षीण होतो, म्हणजे आंबिल ओढ्याला २०१९च्या सप्टेंबरात आला तसा पूर येत असताना, बातमीची सर्वांत गरज असते तेव्हाच चित्र गोठण्याची शक्यता. त्याहून मोठी अडचण मालकीची आहे. फ्री डिशवरच्या जागा लिलावाने विकल्या जातात. मोठ्या मनोरंजन समूहांनी २०१९मध्ये आपल्या फुकट वाहिन्या तिथून काढल्या, पुढच्या वर्षी परत आणल्या, २०२२मध्ये पुन्हा काढल्या. फुकट पाहणाऱ्या घराला काय दिसावे, हे शेवटी वाहिन्यांच्या वर्गणीच्या गणितावरच ठरते.

शेवटचा आक्षेप सर्वांत जड आहे: आता हे सारे कशाला, लोक मोबाइलवर पाहतात. पैसे भरून डिश घेणारी घरे २०२०च्या अखेरीस सात कोटींच्या आसपास होती, ती चार वर्षांत सहा कोटींखाली आली, हे खरेच आहे. पण ही घट म्हणजे डिजिटल दूरचित्रवाणीने केलेल्या आश्वासनांवरचा ग्राहकाचा निकाल आहे. आणि सोडून गेलेला ग्राहक फुकटात गेलेला नाही. तो डेटाच्या रिचार्जकडे गेला, जिथे दर पुन्हा मोजक्या कंपन्या ठरवतात आणि घरातल्या चौघांना चार पडदे लागतात. प्रसार भारती आणि आयआयटी कानपूर आता मोबाइलवर इंटरनेटशिवाय थेट प्रक्षेपण पोहोचवण्याचे तंत्र तपासत आहेत. चिप बसवल्याने फोन महागतील म्हणून उत्पादकांचा त्याला विरोध आहे. म्हणजे २०१३चाच प्रश्न नव्या वेष्टनात समोर आला आहे. सरकारने हे तंत्र स्वीकारायचे ठरवले तर चिपचा खर्च लहरींच्या लिलावातून भरायचा की खरेदीदाराकडून, स्वस्तातल्या फोनमध्ये ती चिप असणार की नाही, आणि महिन्याला एक रुपयाही न देता पुण्यातल्या फोनवर किती मराठी वाहिन्या दिसतील, हे तीन मुद्दे प्रस्तावाच्या पहिल्या पानावर, तारीख जाहीर करण्याआधी लिहिलेले असावेत.